घरातल्या कर्जतचे पॅनेल

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घराच्या मधल्या खोलीत दोन भिंतींना धरून काटकोनात बसवलेली एक फळी आहे. तिची एक बाजू 3 मीटर, दुसरी 1.8 मीटर आणि रुंदी 45 सेंटिमीटर आहे. या फळीवर माझी एचओ प्रमाणातली, म्हणजे 1:87 या प्रमाणातली छोटी रेल्वे चालते. मी तिच्यावरच्या स्टेशनाला कर्जत म्हणते, कारण पुण्याकडे निघालेल्या गाडीला घाट चढण्यासाठी मागून बँकर इंजिन लावतात, ते दृश्य मला घरी उभे करायचे होते. खऱ्या बोरघाटात दर 37 मीटरला 1 मीटर असा चढ आहे. माझ्या फळीवर चढ नाही, पण बँकर आहे, आणि त्याच्यामुळेच मला नियंत्रण पॅनेल, म्हणजे सांधे आणि रुळांतली वीज एका जागी बसून हाताळायचा फलक, बांधणे भाग पडले. ऑगस्ट 2023 मध्ये सुरू केलेले हे काम ऑगस्ट 2024 मध्ये पूर्ण झाले. मराठीत याविषयी वाचायला मला फारसे काही मिळाले नव्हते, म्हणून या वर्षभराचा हिशेब, चुका धरून, इथे मांडते आहे.

पॅनेल बांधण्यापूर्वी माझ्याकडे नऊ सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या जागा, होते आणि ते सगळे मी बोटाने सरकवत असे. विजेसाठी वेळोवेळी विकत आणलेले सहा स्विच फळीच्या कडेला जमेल तसे ठोकलेले होते आणि कोणता स्विच कोणत्या रुळाचा हे फक्त मला पाठ होते. त्या जूनमध्ये पुण्याला जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात गेले, तेव्हा सगळे जण गाड्या, सर्कस आणि फ्युनिक्युलर पाहत होते आणि माझे लक्ष सारखे गाड्या चालवणाऱ्याच्या हातांकडे जात होते. ते हात अजिबात घाईत नव्हते. घरी आल्यावर मी सहाही स्विच काढून टाकले, म्हणजे मागे फिरायला वाट उरली नाही.

माझे मामा रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले आहेत आणि कोपरीत राहतात. नोकरीतली बरीच वर्षे ते पॅनेलवर बसले होते. गणपतीच्या सुट्टीत, सप्टेंबरमध्ये, मी त्यांच्याकडे रुळांचा नकाशा घेऊन गेले. स्विच कुठे, दिवे कुठे, हे सगळे मी त्यावर आधीच काढले होते. मामांनी नकाशा जमिनीवर पसरला, घरातून चार काडेपेट्या आणल्या आणि म्हणाले, "अगं, स्विचचं नंतर बघू. आधी गाडी चालवून दाखव."

मी दोन काडेपेट्यांची गाडी कर्जतच्या फलाटावर आणून उभी केली आणि तिसरी काडेपेटी, म्हणजे बँकर, सायडिंगमधून, म्हणजे बाजूच्या उभे राहायच्या रुळावरून, बाहेर काढून गाडीच्या मागे आणू लागले. मामांनी माझा हात थांबवला. "बँकर ज्या रुळावर आलं, त्याच रुळावर गाडीचं इंजिन उभं आहे. करंट दिलास तर दोन्ही चालतील. ते पुढचं इंजिन जागेवर कसं राहणार?"

माझ्यासारख्या साध्या डीसी पद्धतीच्या मांडणीत रुळात वीज आली की त्या रुळावरची सगळी इंजिने चालू लागतात. म्हणून रुळांचे तुकडे एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने तोडावे लागतात, आणि अशा प्रत्येक तुकड्याला ब्लॉक म्हणतात. मी फलाटाचा सगळा रूळ एकच ब्लॉक धरला होता. ही चूक कागदावर सापडली, म्हणून ती मला फुकट पडली. पॅनेल कापून झाल्यावर सापडली असती तर सगळे पुन्हा करावे लागले असते. त्या रात्री अकराऐवजी बारा ब्लॉक झाले. पुढच्या रविवारी मी फलाटाच्या रुळाला मध्यभागी बारीक करवतीने दोन्ही बाजूंनी छेद दिला आणि फटीत प्लास्टिकचा पातळ तुकडा चिकटवला, कारण ठाण्याच्या उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावले तर ती फट मिटण्याची भीती असते. हे काम कोणी सुरू करणार असेल तर काडेपेट्यांवर एक संध्याकाळ अवश्य घालवावी. आपल्याला ज्या हालचाली आवडतात त्या एकेक करून चालवाव्यात आणि प्रत्येक वेळी "आता बाकीची इंजिने कुठे उभी आहेत?" असे स्वतःला विचारावे.

त्याच बैठकीत मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या पॅनेलचे सगळे स्वरूप तिच्यावर ठरले. मी प्रत्येक सांध्याला दोन बटणे आणि बटणाशेजारी एक दिवा काढला होता. जे बटण शेवटचे दाबले त्याचा दिवा लागावा, अशी माझी योजना होती. मामा म्हणाले, "दिव्याने सांधा कुठे आहे ते सांगायला हवं. तू कुठलं बटण दाबलंस ते तुला ठाऊकच आहे." खऱ्या पॅनेलवर सांधा पूर्ण बसून कुलूपबंद झाल्याची खात्री सांध्यापाशीच होते, ती खूण तारेने परत येते आणि तोवर सिग्नल पडत नाही. सांधा मध्येच अडकला तर पॅनेलवरची त्याची खूण लुकलुकत राहते. मला हे ऐकून माहीत होते, पण घरच्या खेळात ते करायला हवे असे कधी वाटले नव्हते. ज्या माणसाने या खुणेच्या भरवशावर माणसांनी भरलेल्या गाड्या सोडल्या, त्याच्यासमोर मला ते टाळावेसे वाटले नाही.

याचा व्यावहारिक अर्थ असा की प्रत्येक सांध्याखाली एक नव्हे, दोन मायक्रोस्विच, म्हणजे जीभ दाबली गेली की चालू होणारे छोटे स्विच, लागतात. एकच लावला तर दोन दिव्यांपैकी एक नेहमी लागलेलाच राहतो आणि सांधा अर्ध्यावर असला तरी पॅनेल काहीतरी ठाम सांगत बसते. दोन लावले तर सरळ बसल्यावर पिवळा, वळणावर बसल्यावर हिरवा आणि मध्ये अडकल्यावर दोन्ही बंद, अशी तिसरी अवस्था मिळते. मला हवी होती ती ही तिसरी अवस्था.

ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेले. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड गाठावे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. सहा पायांचे, मध्ये बंद होणारे छोटे टॉगल स्विच 40 रुपयांना एक, असे 14 घेतले: दोन जादा. पुश बटणे 12 रुपयांना एक, मायक्रोस्विच 18 रुपयांना एक, प्रत्येकी 20 घेतले. एलईडी, रेझिस्टर, पंचवीस पिनांचे कनेक्टर आणि 14/38 ची, म्हणजे 38 गेजच्या 14 बारीक तारांची, सहा रंगांतली वायर घेऊन दुपारी तीनला परतले. तारेच्या रंगांवर पैसे वाचवू नयेत. पुढे सहा महिने आपल्याला त्या तारांकडे पाहायचे असते.

सांधे हलवणाऱ्या मोटारी, म्हणजे दोन वेटोळ्यांची सोलेनॉइड, मला ब्रिटनहून मागवाव्या लागल्या. नऊ नगांचे टपालखर्चासह 9,400 रुपये झाले. मागणी ऑक्टोबरच्या अखेरीस नोंदवली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परदेशी टपालाची तपासणी करणाऱ्या कार्यालयाचे पत्र आले. त्यात बिलाची प्रत, पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्र आणि वस्तूचा उपयोग काय याचा खुलासा मागितला होता. मी बँकेच्या खात्याच्या उताऱ्यात तो व्यवहार अधोरेखित केला, बिलावरच्या रकमेशी रुपयांचा मेळ घालून दाखवला आणि "घरगुती छंदासाठी, विक्रीसाठी नाही" असे सही करून लिहून दिले. बिलावर माझे नाव आधार कार्डाप्रमाणे नव्हते, मधले नाव राहिले होते, म्हणून पुन्हा एक पत्र आले आणि तीन आठवडे आणखी गेले. मागवताना नाव ओळखपत्रावर आहे तसेच्या तसे द्यावे, एवढेच यातून सांगण्यासारखे. पार्सल 19 जानेवारी 2024 ला घरी आले. शुल्क आणि कर मिळून 7,264 रुपये भरावे लागले, म्हणजे वस्तूच्या किमतीच्या पाऊणपटीहून थोडे जास्त. हा आकडा आधी धरला नाही तर वाईट वाटते. मला वाटले.

पॅनेलच्या दर्शनी भागासाठी 60 बाय 25 सेंटिमीटरची पांढरी ॲक्रिलिक शीट ठरवली. रुळांची आकृती संगणकावर काढून वागळे इस्टेटमधल्या एका लेझर कटिंगच्या कारखान्यात दिली. इथे दोन गोष्टी सांगते. पहिली म्हणजे आकृती काढताना आपण जिथे बसणार त्याच बाजूने काढावी, डावीकडची सायडिंग पॅनेलवरही डावीकडेच हवी. दुसरी गोष्ट मला पैसे देऊन कळली. टॉगलचा गळा 6 मिलिमीटरचा असतो, म्हणून मी भोकही बरोबर 6 मिलिमीटरचे दिले. टॉगल घट्ट बसवताना नट आवळला आणि चौथ्या भोकापासून शीटच्या कडेपर्यंत तडा गेला. दुसऱ्यांदा 6.4 मिलिमीटरचे भोक ठेवले आणि प्रत्येक नटाखाली फायबरचे वॉशर घातले. शीटचे 1,100 रुपये दोनदा गेले. तडा गेलेली शीट मी टाकून दिली नाही. पुढे तारा जोडण्याचा सराव तिच्यावरच केला आणि तिचा चांगला उपयोग झाला.

फेब्रुवारीत सुताराकडून सागवानी पट्ट्यांची तिरपी पेटी करून घेतली, 2,500 रुपये. तिचे वरचे झाकण बिजागरीने मागे उघडते आणि उघडल्यावर दोरीने अडकते. हे झाकण नीट उघडत नसेल तर पुढचे काही दुरुस्त करता येत नाही, म्हणून इथे सुताराला वेळ द्यावा.

मार्च ते मे हे तीन महिने तारांचे. तारांची संख्या आधी मोजली होती: बारा ब्लॉकच्या 24, सांध्यांच्या मोटारींच्या 18 आणि त्यांची सामाईक एक, खुणांच्या दिव्यांच्या 18 आणि त्यांची सामाईक एक, एकूण 62. त्यांची तीन कनेक्टरमध्ये वाटणी केली, एक ब्लॉकचा, एक मोटारींचा, एक दिव्यांचा, म्हणजे काही बिघडले तर शोध कुठे घ्यायचा ते लगेच समजते. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची पट्टी लावली आणि तोच क्रमांक वहीत लिहिला. ही वही माझ्या लेखी पॅनेलइतकीच मोलाची आहे. सोल्डरिंग करताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर जोड नीट तापत नाही, त्यामुळे एप्रिलच्या उकाड्यात मी रोज रात्री नऊनंतर एक तासच बसत असे. साडेतीनशेहून अधिक जोड झाले. चांगला जोड चकचकीत आणि उताराचा दिसतो, कच्चा जोड मळकट आणि गोळ्यासारखा. कच्चा वाटला की त्याच वेळी पुन्हा करावा. मल्टीमीटरची, म्हणजे वीज पोचते का ते तपासणाऱ्या यंत्राची, पिपाणी वाजली म्हणून तो तसाच सोडला, तर महिन्याभराने तोच त्रास देतो.

ब्लॉकचे टॉगल समजायला सोपे आहेत. मधल्या दोन पायांना रूळ, वरच्या दोन पायांना पहिला कंट्रोलर, म्हणजे इंजिनाचा वेग ठरवणारे यंत्र, खालच्या दोन पायांना दुसरा. दांडी वर केली की ब्लॉक पहिल्या कंट्रोलरकडे, खाली केली की दुसऱ्याकडे, मध्ये ठेवली की ब्लॉक मेलेला. फलाटाचा पुढचा ब्लॉक मध्ये, मागचा खाली: गाडीचे इंजिन स्तब्ध उभे आणि बँकर दुसऱ्या कंट्रोलरवर सावकाश मागून येतो. मग दोन्ही ब्लॉक वर केले की दोघे एकाच कंट्रोलरवर गाडी ओढतात आणि ढकलतात. यासाठी दोन्ही इंजिनांचा वेग जवळजवळ सारखा हवा. माझी दोन्ही युरोपीय बनावटीची, एकाच जातीची आहेत, म्हणून हे साधले.

सगळ्यात वाईट दिवस 12 मे, रविवारचा. मोटारी तपासण्यासाठी मी त्या ट्रान्सफॉर्मरच्या 16 व्होल्टवर थेट बटणातून चालवत होते. या मोटारीला क्षणभरच वीज द्यायची असते. ती त्या क्षणात तीन-चार अँपिअर खाते आणि तिची वेटोळी सलग विजेसाठी बनवलेलीच नसतात. चौथ्या सांध्याचे बटण दाबले, सांधा हलला, मी बोट उचलले आणि वहीत खूण करायला वळले. काही सेकंदांनी जळका वास आला. बटण आतच राहिले होते. सोल्डरिंग करताना फ्लक्स, म्हणजे जोड नीट बसावा म्हणून लावतात ते राळेसारखे द्रव्य, वितळून बटणाच्या फटीत उतरला होता आणि तिथे घट्ट झाला होता. मोटारीचे प्लास्टिक मऊ होऊन वेटोळे वाकडे झाले. मी मुख्य स्विच बंद केला आणि त्या दिवशी पुन्हा खोलीत गेले नाही. तीन महिने थांबून, पाऊणपट कर भरून आणलेली वस्तू माझ्या घाईने जळली, हे मला फार लागले. बदली मोटार मुलुंडच्या एका छंदी गृहस्थांनी त्यांच्या साठ्यातून 1,000 रुपयांना दिली, नाहीतर पुन्हा तोच पत्रव्यवहार करावा लागला असता. मागवताना एक मोटार जादा मागवावी.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे, आणि मी तो पहिल्यापासून करायला हवा होता. 24 व्होल्टच्या डीसी पुरवठ्यातून 100 ओहमच्या, 10 वॅटच्या रेझिस्टरमार्फत वीज साठवणारे 4,700 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर समांतर जोडून भरून ठेवायचे आणि बटणाने तो साठा मोटारीत रिकामा करायचा. सांध्याला एकदम जोरदार झटका मिळतो. बटण अडकलेच तर रेझिस्टरमुळे पाव अँपिअरहून कमी वीज वाहते आणि वेटोळे वाचते. दोन सांध्यांमध्ये कपॅसिटर पुन्हा भरेपर्यंत तीन सेकंद थांबावे लागते. मामांना हे थांबणे आवडले. सगळे मिळून खर्च 800 रुपयांच्या आत झाला. मग मी अठराही बटणे काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली आणि पुन्हा जोडताना पाय खाली करून जोडली, म्हणजे फ्लक्स बटणात उतरत नाही.

जून-जुलै मायक्रोस्विच बसवण्यात गेले. फळीखाली उताणे झोपून, तोंडात टॉर्च धरून, सांध्याच्या आडव्या पट्टीला स्विचची जीभ नेमकी शेवटच्या टप्प्यावर टेकवायची. स्क्रूची भोके लांबट ठेवली तर पाव-पाव मिलिमीटर सरकवता येते. कुठे थांबायचे, हे विचारायला मामांना फोन केला. ते म्हणाले की खऱ्या सांध्यात मूळ रूळ आणि सरकता रूळ यांच्यामध्ये 5 मिलिमीटरचा तुकडा ठेवून पाहतात. तेवढी फट असताना सांधा बसल्याची खूण येता कामा नये. मी हिशेब केला: 5 ला 87 ने भागले की 0.06 मिलिमीटर येतात, म्हणजे वहीच्या कागदापेक्षाही पातळ. तेवढे मला साधणार नव्हते. मी व्हिजिटिंग कार्डाची बारीक पट्टी कापली, ती फटीत धरून बटण दाबले, आणि दिवा लागला तर स्विच थोडा मागे घेतला. पट्टी असताना अंधार, पट्टी काढून पुन्हा बटण दाबले की दिवा, असे सलग दहा वेळा झाल्यावरच तो सांधा वहीत पक्का केला. एका सांध्याला दोन-दोन संध्याकाळी लागल्या. वर्षभरातले हे सगळ्यात कंटाळवाणे काम असायला हवे होते, पण मला ते सगळ्यात आवडले.

दिव्यांबद्दल थोडेसे: 12 व्होल्टवर लाल, पिवळ्या, हिरव्या एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर चालतो, पण रात्री खोलीत तो उजेड डोळ्यांत जातो. मी 3.3 किलोओहमचे लावले. पावसाळ्यात खाडीकडच्या दमट हवेने रुळांवर काळपट थर येतो, त्यासाठी आठवड्यातून एकदा अल्कोहोलच्या कापडाने रूळ पुसते. पॅनेलच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत. एकूण खर्च 27 हजारांच्या आसपास गेला, त्यातले साडेसोळा हजारांहून अधिक एकट्या पार्सलचे. सांधे हातानेच हलवायचे ठरवले आणि मायक्रोस्विच तेवढे लावले, तर हेच पॅनेल 9,000 रुपयांत होते, आणि सुरुवात करणाऱ्याने तसेच करावे असे माझे मत आहे.

15 ऑगस्टला मामा आले. मी त्यांना खुर्ची दिली आणि काहीच समजावून सांगितले नाही. नकाशा त्यांच्यासमोरच होता. त्यांनी चष्मा पुसला, पॅनेल डावीकडून उजवीकडे एकदा वाचले आणि गाडी फलाटावर घेतली. पुढचा ब्लॉक बंद केला. बँकर बाहेर काढण्यासाठी सहाव्या सांध्याचे बटण दाबले. फळीवर खट्ट आवाज झाला. पिवळा विझला आणि हिरवा लागला नाही.

मी "सांधा हलला की, मामा," म्हणत कंट्रोलरकडे हात नेला. त्यांनी माझ्याकडे न बघता पॅनेलवरच्या त्या अंधाऱ्या जागेवर बोट ठेवले. मी वाकून पाहिले. सरकत्या रुळाच्या टोकाशी खडीचा एक कण अडकला होता, मोहरीच्या निम्म्याएवढा. चिमट्याने तो काढला. मामांनी मनातल्या मनात तीन मोजले, बटण पुन्हा दाबले आणि हिरवा दिवा लागला.

"आता ये म्हणावं बँकरला," ते म्हणाले.